किक दबते, गाणं अडतं: डान्स म्युझिक करणाऱ्यांचे प्रश्न

या वेळच्या प्रश्नांत किक (ड्रमचा खालचा ठोका) आणि बेस (खालचे स्वर) यांचं भांडण पुन्हा पुढे आहे, म्हणून सुरुवात तिथूनच. ते उत्तर मुद्दाम लांब दिलंय. मास्टर (गाण्याची शेवटची, तयार फाइल) जोरात होत नाही, ड्रॉप (ताण सुटून किक-बेस परत येतात तो क्षण) बसका वाटतो, क्लबमध्ये सगळं गढूळ होतं, अशा बहुतेक तक्रारींचं मूळ तिथेच असतं.

प्रश्न: किक एकटी ऐकली की दणकट वाटते. बेस चालू केला की दोन्ही पडतात. किकमध्ये ५० हर्ट्झ वाढवून झालं, बेसमधून तेच कापून झालं, साइडचेनही (किक वाजली की बेस आपोआप दाबणारी जोडणी) लावलाय. ट्रॅक १२८ बीपीएमचा (मिनिटाला १२८ ठोके), जी मायनरमध्ये आहे. चुकतंय कुठे?

ईक्यूला (ठरावीक फ्रिक्वेन्सी वाढवायच्या-कापायच्या साधनाला) हात लावण्याआधी दोन गोष्टी तपासा. किक किती लांब आहे, आणि बेसची लाट सुरू कुठून होते.

आधी लांबी. १२८ बीपीएमला एक बीट म्हणजे ४६९ मिलिसेकंद. बेस ऑफबीटवर (दोन किकच्या मधोमध) असेल तर तो किकनंतर २३४ मिलिसेकंदांनी येतो. सोळाव्या नोट्सचा धावता बेस असेल तर ११७ मिलिसेकंदांनीच. तयार सॅम्पलमधली किक मात्र अनेकदा ३०० मिलिसेकंदांपेक्षा जास्त घुमत राहते. तिची शेपटी बेसच्या नोटवर चढते आणि तिथे कितीही ईक्यू केलं तरी गढूळपणा जात नाही. सॅम्पलरमध्ये किकचा डीके (आवाज विरायला लागणारा वेळ) कमी करत जा आणि बेसची पहिली नोट सुटी ऐकू आली की थांबा. एकटी ऐकताना अशी छाटलेली किक जरा अशक्त वाटेल. वाटू दे. ती एकटी कधीच वाजणार नाहीये.

आता लाट. तुमच्या जी मायनरमधला खालचा जी ४९ हर्ट्झचा, म्हणजे त्याची एक लाट साधारण २० मिलिसेकंदांची. किक आणि बेस एकाच क्षणी वाजत असतील आणि त्यांच्यात १० मिलिसेकंदांचा फरक असेल, तर एकाची लाट वर जाताना दुसऱ्याची खाली जाते आणि दोन्ही एकमेकांना खातात. तुम्ही किकमध्ये वाढवलेले ५० हर्ट्झ अशा वेळी कुणाच्याच कामी येत नाहीत. चॅनेलच्या मीटरवर आकडा चढतो, छातीत काही पोचत नाही.

तपासायची रीत सोपी आहे. मास्टरवर १०० हर्ट्झचा लो-पास फिल्टर (त्याच्या वरचं कापणारा) लावा, सगळं मोनो करा आणि फक्त किक-बेस वाजवा. बेसच्या चॅनेलवर पोलॅरिटी उलटी करून (लाट वरची खाली करून) बघा. जिकडे आवाज भरीव लागतो ती बाजू ठेवा. मग बेसचा ट्रॅक एकेक मिलिसेकंदाने सरकवत सर्वात भरीव जागा कानाने पकडा. काम झालं की लो-पास काढायला विसरू नका.

एवढं करूनही चारांतली एक किक भक्कम आणि पुढची पोकळ लागत असेल, तर सिंथ उघडा. सबचा (सर्वात खालच्या बेसचा) ऑसिलेटर, म्हणजे लाट तयार करणारा भाग, मोकळा धावत असेल तर प्रत्येक नोट लाटेच्या वेगळ्या बिंदूवरून सुरू होते आणि दर वेळी किकशी वेगळं नातं जुळतं. ऑसिलेटरचा फेज रिट्रिगर चालू करा, म्हणजे प्रत्येक नोट एकाच जागेवरून निघेल. आणि सबमध्ये दोन ऑसिलेटर किंचित डीट्यून (सुरात जरासे वेगळे) करून ठेवले असतील तर एक काढून टाका. ४९ आणि ४९.५ हर्ट्झ एकत्र वाजले की दर दोन सेकंदांनी एकदा बेस गायब होतो. रुंदी हवी असेल तर ती वरच्या थरात द्या. सब म्हणजे एकच साधी साइन लाट, तीही मोनोत.

साइडचेन शेवटी. बेस दाबणाऱ्या कंप्रेसरचा रेशो ४:१ किंवा जास्त, थ्रेशोल्ड (दाबणं सुरू होण्याची पातळी) असा की किकवर बेस ६ ते १० डेसिबल खाली जाईल, रिलीज (बेस परत वर यायचा वेळ) १०० ते १८० मिलिसेकंद. बेस पूर्ण वर येण्याआधी पुढची किक आली तर रिलीज लांब झालाय. अटॅक (दाबायला लागणारा वेळ) अगदी शून्यावर नेऊ नका. सबची लाट अर्ध्यातच कापली जाते आणि प्रत्येक किकला बारीक टिक ऐकू येते. १ ते ३ मिलिसेकंद ठेवा, किंवा कंप्रेसरमध्ये लुकअहेड (पुढचा आवाज आधीच बघायची सोय) असेल तर तो वापरा. ट्रिगरसाठी खरी किक न वापरता आवाज बंद असलेली वेगळी, आखूड किक ठेवा. ब्रेकडाउनमध्ये (मधल्या शांत भागात) किक काढली तरी पॅडची (मागे लांबत राहणाऱ्या स्वरांची) हालचाल चालू राहते, आणि नंतर किकचं सॅम्पल बदललं तरी साइडचेन बिघडत नाही.

प्रश्न: माझ्या खोलीत बेस कमी वाटतो म्हणून वाढवतो. तोच ट्रॅक दुसरीकडे ऐकला की बेस अंगावर येतो. स्पीकर बदलावे का?

नको. आधी खुर्ची हलवा. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये जी लाट अडकते तिची फ्रिक्वेन्सी काढायला ३४३ ला खोलीच्या लांबीच्या दुपटीने भागायचं. साडेतीन मीटर लांब खोलीत उत्तर येतं ४९ हर्ट्झ, म्हणजे नेमका बेसचा मुक्काम. या लाटेचा दाब भिंतीपाशी सर्वात जास्त आणि लांबीच्या बरोबर मध्यावर जवळजवळ शून्य असतो. खुर्ची मध्यावर असेल तर तुम्ही खड्ड्यात बसून मिक्स करताय. समोरच्या भिंतीपासून लांबीच्या साधारण ३८ टक्क्यांवर, या खोलीत १.३ मीटरवर, बसून बघा. हा आकडा फक्त सुरुवातीचा. तिथून दहा-वीस सेंटिमीटर मागेपुढे होत कानाने ठरवा. ४० ते १२० हर्ट्झपर्यंत साइनच्या नोट्स सारख्याच पातळीवर वाजवल्या की कोणती फुगते, कोणती बुडते हे दहा मिनिटांत कळतं.

भिंतीवर चिकटवलेला पाच सेंटिमीटरचा फोम इथे काहीच करत नाही. तो वरच्या फ्रिक्वेन्सीचा चरचराट कमी करतो, बेसला त्याचा पत्ताही लागत नाही. बेससाठी कोपऱ्यांत खनिज लोकरीचे जाड थर लागतात, १५ सेंटिमीटर तर हवेतच. ते जमेपर्यंत सबचे निर्णय चांगल्या हेडफोनवर घ्या आणि आवडीचा एखादा पक्का ट्रॅक शेजारी ठेवून, दोन्हींची पातळी सारखी करून, तुलना करत राहा.

प्रश्न: मोठा सुपरसॉ लीड (अनेक थरांच्या जाड सिंथ आवाजातली मुख्य चाल) फोनच्या स्पीकरवर जवळजवळ नाहीसाच होतो.

मोनो केल्यावर तो खाल्ला जातोय. बहुधा रुंदीसाठी एका बाजूला १० ते २० मिलिसेकंदांचा डिले दिला असेल. दोन बाजू एकत्र झाल्या की त्यातून कंगव्यासारखा फिल्टर तयार होतो. १० मिलिसेकंदांना पहिली खाच ५० हर्ट्झला, पुढची १५०, मग २५०, अशी थेट वरपर्यंत. डिले काढा. रुंदी सिंथच्या युनिसनमधूनच (एकच स्वर किंचित वेगळ्या सुरांत अनेकदा वाजवण्यातून) घ्या आणि त्याच मेलडीचा एक मोनो थर मध्यभागी, हळू आवाजात ठेवा. कोरिलेशन मीटर (डावी-उजवी बाजू किती जुळते ते दाखवणारा) बराच वेळ शून्याखाली राहत असेल तर मोनोत काहीतरी जाणार हे नक्की.

बेसही फोनवर हरवतो, पण त्याचं कारण निराळं. तो स्पीकर ५० हर्ट्झ वाजवूच शकत नाही. बेसवर थोडं सॅच्युरेशन (हलकी विकृती) दिलं की १००, १५०, २०० हर्ट्झचे हार्मोनिक (पटीतले वरचे स्वर) तयार होतात आणि मूळ स्वर नसला तरी कान तो जोडून घेतो.

प्रश्न: स्ट्रीमिंगसाठी −१४ एलयूएफएसवर (ऐकू येणाऱ्या सरासरी जोराचं माप) मास्टर करा असं सगळे सांगतात. पण डीजे मित्र म्हणतो, तुझा ट्रॅक बाकीच्यांपुढे हळू वाजतो. ऐकायचं कुणाचं?

मित्राचं. −१४ ही स्पॉटिफायची वाजवण्याची पातळी आहे, मास्टर कसा करावा याचा नियम नाही. ट्रॅक जास्त जोरात असेल तर ते आवाज खाली करतात, एवढंच. यूट्यूबही साधारण त्याच पातळीपर्यंत खाली आणतं, ॲपल म्युझिक साउंड चेक चालू असताना −१६ पर्यंत. डीजेच्या मिक्सरवर मात्र तुमची फाइल दुसऱ्याच्या फाइलशेजारी उभी राहते. क्लबचे ट्रॅक ड्रॉपमध्ये −९ ते −६ च्या दरम्यान सापडतात. त्या पट्ट्यात −१४ चा मास्टर गेला की डीजेला गेन बराच चढवावा लागतो, आणि गर्दीच्या रात्री तो ते करेलच असं नाही.

पण तिथे लिमिटरच्या (ठरलेल्या पातळीवर आवाज अडवणाऱ्या साधनाच्या) एका दणक्यात जाऊ नका. लिमिटर सलग ६ डेसिबल दाबायला लागला की किकचं टोक चपटं होतं आणि तिच्यामागे हाय-हॅट श्वास घेतल्यासारखे वरखाली होतात. काम वाटून द्या. ड्रमच्या बसवर (सगळे ड्रम एकत्र येतात त्या चॅनेलवर) क्लिपर लावून किकची टोकं २-३ डेसिबल छाटा. इतक्या आखूड टोकांवरचं क्लिपिंग कानाला फारसं लागत नाही. मग शेवटच्या लिमिटरला २-३ डेसिबलचंच काम उरतं. दोन्हींच्या सेटिंगमध्ये ओव्हरसॅम्पलिंग (जास्त बारीक नमुन्यांवर हिशेब) चौपट ठेवा. तरीही ट्रॅक जोरात जात नसेल तर दोष मास्टरिंगचा नाही. सब जास्त आहे किंवा किकची शेपटी लांब आहे. पहिल्या उत्तराकडे परत जा.

ट्रू पीक (लाटेचं खरं सर्वात उंच टोक) −१ डेसिबलवर थांबवा. एमपी३ किंवा ऑग करताना लाटेची टोकं मूळ फाइलपेक्षा वर जातात आणि ० ला टेकलेला मास्टर तिथे फाटतो. −१४ पेक्षा जोराच्या मास्टरसाठी स्पॉटिफाय −२ सुचवतं. स्ट्रीमिंग आणि डीजे अशा दोन फाइली करणार असाल तर हाच त्यांच्यातला खरा फरक ठेवा.

मास्टरिंग दुसऱ्याकडे देणार असाल तर मास्टर चॅनेलवरचा लिमिटर काढून २४ बिट वेव्ह पाठवा, सर्वात उंच टोक −३ च्या खाली राहील असं. सोबत लिमिटर लावलेली तुमची प्रतही द्या, तुम्हाला काय ऐकू येत होतं ते समोरच्याला कळतं.

प्रश्न: आठ बारचा (बार म्हणजे चार ठोके) लूप झकास जमतो, पुढे काहीच होत नाही. अशा चाळीस फाइली पडून आहेत.

लूपमध्ये भर घालणं थांबवा. त्यात सगळं आधीच आलंय, आता त्यातून काढायचंय. १२८ बीपीएमला १६ बार म्हणजे बरोबर ३० सेकंद. १९२ बार म्हणजे ६ मिनिटं, डीजेसाठीच्या एक्स्टेंडेड मिक्सची नेहमीची लांबी. तुमचा लूप २४ वेळा चिकटवा, १९२ बार भरतील. मग खोडरबर घ्या. पहिल्या ३२ बारांत मेलडीचं सगळं पुसून फक्त किक आणि पर्कशन ठेवा. डीजे मागच्या ट्रॅकवर तुमचा ट्रॅक बसवतो तो याच एका मिनिटात. शेवटचे ३२ बारही तसेच. मधे ब्रेकडाउनसाठी १६ ते ३२ बार किक आणि सब काढा. उरलेल्या भागात दर ८ बारांनी एक गोष्ट येईल किंवा एक जाईल. एकच.

ड्रॉप मोठा वाटावा म्हणून ड्रॉपमध्ये थर वाढवत बसण्यापेक्षा त्याच्या आधीचे ८ बार लहान करा. १५० हर्ट्झच्या खालचं सगळं हाय-पासने कापा, रुंदी हळूहळू आवळत मोनोकडे न्या, आवाज १ डेसिबलने उतरवा. स्नेअर रोल चौथ्या, मग आठव्या, मग सोळाव्या नोट्सवर न्या, आणि शेवटच्या अर्ध्या बारात सगळं बंद. रिव्हर्बची शेपटीसुद्धा, कारण ती राहिली तर शांतता होतच नाही. त्या शांततेनंतर येणारी किक आधीच्याच आवाजात असली तरी दुप्पट लागते.

स्ट्रीमिंगसाठी यातूनच अडीच-तीन मिनिटांचा कट काढा. आधी एक्स्टेंडेड, मग कट. उलट क्रमाने गेलात तर ताणलेला माल ऐकू येतो.

प्रश्न: पहिला ट्रॅक स्वतः प्रकाशित करायचाय. डिस्ट्रिब्यूटर (ट्रॅक स्ट्रीमिंगवर पोचवणारी कंपनी) निवडलाय, शुक्रवारी अपलोड करून पुढच्या शुक्रवारी रिलीज करावं म्हणतो. काही राहिलं?

वेळ राहिला. किमान चार आठवडे ठेवा. डिस्ट्रिब्यूटरची तपासणी, दुकानांपर्यंत (स्पॉटिफायसारख्या सेवांपर्यंत) पोचणं आणि चूक निघाली तर दुरुस्ती, यात दिवस जातात. स्पॉटिफायच्या संपादकांना ट्रॅक सुचवता येतो तो रिलीजच्या आधीच, आणि निदान ७ दिवस आधी सुचवला तर तुमच्या फॉलोअर्सच्या रिलीज रडारमध्ये (नव्या गाण्यांच्या यादीत) कोणता ट्रॅक जावा हे तुम्ही ठरवता. एका आठवड्याच्या हिशेबात हे हातचं जातं.

फाइल ४४.१ किलोहर्ट्झची, २४ किंवा १६ बिटची वेव्ह. १६ बिट करताना डिदर (बिट कमी करताना मिसळायचा बारीक नॉइज) एकदाच, अगदी शेवटी. कव्हर ३००० बाय ३००० पिक्सेल, आरजीबी जेपीजी. त्यावर वेबसाइटचा पत्ता, सोशल मीडियाचं नाव किंवा दुकानाचा लोगो असला की परत येतं. ‘एक्स्टेंडेड मिक्स’ हे शब्द गाण्याच्या नावात नका घालू, आवृत्तीच्या रकान्यात घाला. सोबत गायलेल्या कलाकाराचं नावही भूमिकेच्या रकान्यात. तुमच्याच नावाचा दुसरा कलाकार आधीपासून असेल तर ट्रॅक त्याच्या पानावर जाऊन बसतो. अपलोड करताना स्वतःच्या पानाची लिंक देता येते, ती द्या. पान अजून नसेल तर ‘नवीन कलाकार’ निवडा.

आयएसआरसी हा १२ अक्षर-अंकांचा क्रमांक म्हणजे त्या रेकॉर्डिंगची ओळख. एक्स्टेंडेडला एक, छोट्या कटला दुसरा, रिमिक्सला तिसरा. हे क्रमांक स्वतःकडे लिहून ठेवा. उद्या डिस्ट्रिब्यूटर बदलाल तेव्हा तीच फाइल, तेच नाव आणि तोच आयएसआरसी दिलात तर आतापर्यंतच्या ऐकण्यांचा आकडा टिकतो. नवीन क्रमांक घेतला की तो शून्यावरून सुरू. जुनं रिलीज नवीन दिसायला लागेपर्यंत काढू नका.

डिस्ट्रिब्यूटरच्या अटींत एक ओळ शोधून वाचा: वार्षिक शुल्क भरणं थांबवलं तर ट्रॅक राहतो की उतरतो?

आणि डिस्ट्रिब्यूटर फक्त रेकॉर्डिंगचे पैसे गोळा करतो. रचनेची रॉयल्टी वेगळी असते. क्लबमध्ये, रेडिओवर, स्ट्रीमिंगवर ट्रॅक वाजला की रचनाकाराचा वाटा हक्कसंस्थेकडे जातो, आणि तिथे तुम्ही सदस्य नसाल, रचना नोंदवलेली नसेल, तर तो तुमच्यापर्यंत येत नाही. डान्स म्युझिक करणारे हे सर्रास विसरतात, कारण स्वतःला ते ‘रचनाकार’ म्हणवतच नाहीत. तुम्ही बेसलाइन रचलीत, तुम्ही रचनाकार आहात.

‘हमखास ऐकणी’ विकणाऱ्या प्लेलिस्टवाल्यांपासून लांब राहा. २०२४ पासून स्पॉटिफाय उघड बनावट ऐकण्यांसाठी लेबल आणि डिस्ट्रिब्यूटरकडून दंड घेतं, डिस्ट्रिब्यूटर तो तुमच्यावर टाकू शकतो, शिवाय ट्रॅक उतरूही शकतो. त्याच वर्षापासून मागच्या १२ महिन्यांत १००० ऐकण्यांच्या खाली असलेल्या ट्रॅकला तिथे रेकॉर्डिंगची रॉयल्टी मिळत नाही. म्हणून एका दमात दहा ट्रॅक सोडण्यापेक्षा सहा-आठ आठवड्यांच्या अंतराने एकेक सोडलेला बरा, असं आमचं मत आहे.

प्रश्न: रॉयल्टी-फ्री पॅकमधला व्होकल लूप वापरला. यूट्यूबवर माझ्याच ट्रॅकवर अनोळखी माणसाचा कंटेंट आयडी (यूट्यूबची गाणी आपोआप ओळखणारी यंत्रणा) दावा आलाय.

तोच लूप वापरून त्याने आपला ट्रॅक कंटेंट आयडीत नोंदवलाय, आणि यंत्र दोन्हीकडचा व्होकल जुळवतंय. दाव्यावर हरकत घ्या. पॅकचं नाव, परवान्यातलं संबंधित वाक्य आणि खरेदीची तारीख लिहा. पॅकचा परवाना आणि पावती प्रत्येक प्रोजेक्टच्या फोल्डरमध्येच ठेवायची सवय लावा, दोन वर्षांनी ती मेलमध्ये सापडत नाही.

आता तुमच्या बाजूने: असा लूप असलेला ट्रॅक तुम्हीही कंटेंट आयडीत टाकू नका. त्यासाठी आवाजाचे हक्क फक्त तुमचेच असावे लागतात, आणि पॅकचा लूप हजारोंना दिलेला असतो. अपलोडच्या वेळी तो पर्याय बंद ठेवा. एकेरी किक, क्लॅप, हॅट यांचा सहसा त्रास होत नाही. उघडा ठेवलेला मेलडी किंवा व्होकल लूप धोक्याचा. कापून, सूर बदलून, उलटा करून वापरलात तर जुळण्याची शक्यता कमी होते, आणि ट्रॅकही तुमचा वाटतो.

दुसऱ्याच्या प्रकाशित गाण्यातला तुकडा ही वेगळीच गोष्ट. ‘काही सेकंद चालतात’ असा सरसकट नियम कुठेही नाही. परवानग्या दोन लागतात, रेकॉर्डिंगच्या मालकाची आणि रचनेच्या मालकाची. तुकडा स्वतः नव्याने वाजवून घेतला तर पहिली टळते, दुसरी लागतेच.

प्रश्न: दोघं मिळून ट्रॅक केला, तिसरीने गायलं. वाटण्या कधी ठरवायच्या?

ज्या दिवशी शेवटचं एक्सपोर्ट होईल त्या दिवशी, अपलोडच्या आधी. एका कागदावर दोन वेगळ्या ओळी लिहा: रचनेचे टक्के आणि रेकॉर्डिंगचे टक्के. दोन्हींची बेरीज वेगवेगळी १०० व्हायला हवी. गायिकेने शब्द किंवा चाल रचली असेल तर ती रचनेत येते. दिलेलं गायलं असेल तर रेकॉर्डिंगमध्ये वाटा किंवा एकरकमी मानधन, जे ठरेल ते. प्रत्येकाचं कायदेशीर नाव, हक्कसंस्थेचा सदस्य क्रमांक, तारीख आणि सह्या. आणखी एक ओळ जरूर घाला: रिमिक्सला किंवा जाहिरातीला परवानगी कोण देणार. तिघांचीही सही लागेल असं ठरवलंत तर एक जण फोन उचलत नाही म्हणून काम हातचं जाऊ शकतं. एकाला अधिकार द्या आणि उरलेल्या दोघांना कळवायची मुदत लिहा, समजा ७ दिवस. प्रोजेक्टची फाइल आणि स्टेम्स (थरवार वेगळ्या फाइली) तिघांकडेही राहू देत.